आधी डोळे, मग हात

वसई-विरार पट्ट्यात लोक मला म्हशींचा डॉक्टर म्हणून ओळखतात. हायवेलगतचे तबेले, नाळे-निर्मळ-आगाशीच्या वाड्यांतली दोन-चार दुभती जनावरं, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या शेळ्या-कोंबड्या आणि अलीकडे इमारतींमधली कुत्री-मांजरं, एवढा माझा व्याप. वाघ, अस्वल, हत्ती यांच्याशी या कामाचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण गोठ्यात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत मी ज्या रीतीने वागतो, ती रीत मी भायखळ्याच्या राणीच्या बागेत शिकलो. ज्यांनी शिकवलं त्यांतले बरेच जण आता हयात नाहीत. काहींना तर आपण कुणाला काही शिकवतो आहोत याची जाणीवही नव्हती. त्यांचं देणं निदान कागदावर तरी यावं, म्हणून हे लिहितो आहे.

मी निर्मळचा. घरी केळीची वाडी आणि दारात म्हशी. म्हैस व्यायला अडली की आजी रात्रभर गोठ्यात बसायची, आणि डॉक्टर येईपर्यंत घरातलं कुणी जेवायचं नाही. त्या डॉक्टरांची वाट पाहत मोठा झालो, तेव्हा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचं हे मनाने आधीच ठरवून टाकलं होतं. १८८६ साली सुरू झालेलं हे कॉलेज आणि त्याच आवारातलं, सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं बाई साकरबाई रुग्णालय, ही मुंबईची फार जुनी पुण्याई आहे. निर्मळहून एसटीने नालासोपारा, तिथून विरार लोकलने दादर आणि पुढे परळ, अशी रोजची वारी होती. बैल, घोडे, कुत्री, कोंबड्या यांच्यावर तिथे हात बसला. मात्र हात कधी लावायचा नाही, हे शिकायला मला भायखळ्याला जावं लागलं.

इंटर्नशिपच्या काळात आमची पाळी राणीच्या बागेत लागली. १८६२ साली खुली झालेली ही बाग. नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं तरी मुंबईकरांच्या तोंडी राणीची बागच राहिली. लहानपणी सहलीला आलो होतो तेव्हा घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आणि पाणघोड्याचा उघडा जबडा एवढंच लक्षात राहिलं होतं. आता त्याच बागेत फाटक उघडण्याच्या आधी, झाडलोट चालू असताना शिरायला मिळत होतं.

तिथल्या डॉक्टरांना आम्ही सर म्हणत असू. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे स्टेथोस्कोप टेबलाच्या खणात ठेवायला लावले. “याचा इथे उपयोग होईल तेव्हा जनावर बेशुद्ध असेल,” ते म्हणाले. “तोपर्यंत डोळे, नाक आणि कान वापरा.” मग सकाळची फेरी सुरू झाली. रात्री घातलेल्या मांसापैकी किती उरलं आहे, कोणता तुकडा चाटून टाकून दिला आहे, विष्ठा बांधलेली आहे की सैल, मूत्राचा डाग कुठे आणि केवढा, फरशीवरचं ओलं पाऊल चारही पायांचं सारख्याच दाबाचं उमटलं आहे का, नेहमीच्या कोपऱ्यात झोपला होता की दाराशी. सर एकेका पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभे राहत. आम्हाला ते उभं राहणं सुरुवातीला जड जाई. पुढे कळलं की त्यांचा सगळा तपास त्याच वेळात होत असे.

याचं कारण त्यांनी नीट समजावून सांगितलं. रानात दुबळा दिसणारा प्राणी फार दिवस टिकत नाही. शिकारी त्यालाच हेरतो, कळपातले सोबतीही त्याला बाजूला सारतात. त्यामुळे दुखणं लपवणं हे त्याच्या रक्तातच उतरलेलं असतं. पिंजऱ्यात जन्मलेला वाघही ते विसरत नाही. अनोळखी माणूस समोर आला की तो ताठ उभा राहतो, डोळे रोखतो, आणि आपल्याला तो ठणठणीत वाटतो. तो बसलेला दिसेल तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून प्राणीसंग्रहालयातल्या डॉक्टरचं निम्मं काम रोग दिसायच्या आधीचं. नवा प्राणी आला की त्याला वेगळं ठेवायचं, विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जंतांची औषधं द्यायची, हत्तीचे तळवे घासून भेगा पाहायच्या, वाढलेली नखं काढायची, हरणांच्या खुरांवर नजर ठेवायची. यातलं काहीही वर्तमानपत्रात येत नाही.

सरांचा आणखी एक नियम होता. राखणदार काय सांगतो ते ऐकल्याशिवाय प्राण्याची फाइल उघडायची नाही. अस्वलांकडे तेव्हा एक वयस्क राखणदार होते. मूळचे कोकणातले, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. शिक्षण फार नव्हतं, पण त्यांनी सांगितलेली गोष्ट सर शब्दशः लिहून घेत. एके सकाळी मामा म्हणाले, “साहेब, मादी खातेय बरोबर, पण खोबऱ्याचा तुकडा बाजूला ठेवतेय. आणि पाव डावीकडनंच चावतेय.”

आम्ही पाहिलं तर अस्वल मजेत दिसत होतं. अंगावर तकाकी होती, फेऱ्या मारणं चालू होतं, खीर संपली होती. सरांनी मात्र त्या दिवशी कशालाही हात लावला नाही. पिंजऱ्यापासून लांब, झाडाआड बसून ते तिचं खाणं पाहत राहिले. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातल्या वाळव्या जोरात ओढून घेतं, त्या वेळी नाकपुड्याही मिटून घेतं आणि लांब ओठांची नळी करतं. मध चाटतानाही तोंडाची ठेवण अशीच असते. मध चाटताना मादी उजवा ओठ पुरता वळवत नव्हती, आणि मधेच थांबून पंजाने गाल घासत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. मग सर म्हणाले, “उजवा सुळा. मुळाशी पू झाला असणार.”

बेशुद्ध करायचं ठरलं. त्या एका सकाळी मी जे पाहिलं ते पुस्तकात कुठेच नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून तिला उपाशी ठेवलं होतं, कारण बेशुद्धीत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जनावर हातचं जातं. झायलाझिन आणि केटामिन यांचं मिश्रण तिच्या अंदाजे वजनावरून काढलं. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणीसंग्रहालयातून ही जोडी जगभर गेली, हेही सरांनीच सांगितलं. ती फुंकनळीने मारायची सिरिंज मी हातात घेऊन पाहिली. तिच्या सुईचं टोक बंद असतं. औषध बाहेर यायला सुईच्या कडेला बारीक भोक असतं आणि त्यावर रबराची छोटी टोपी बसवलेली असते. सुई कातडीत शिरली की टोपी मागे सरकते, भोक उघडतं, आणि सिरिंजच्या मागच्या भागात भरून ठेवलेली हवा औषध आत ढकलते. सरांनी नळी ओठाला लावली, मादी वळेपर्यंत वाट पाहिली, आणि मांडीच्या भरदार स्नायूत ती सिरिंज बसली.

त्यानंतर कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. आवाज झाला तर घाबरलेलं जनावर औषधाशी झगडतं आणि मग मात्रा पुरत नाही. ती डुलली, बसली, मान टेकली. सरांनी लांब काठीने कानाला स्पर्श केला. कान हलला, तसे ते थांबले. पुन्हा काही वेळाने कान हलला नाही, तेव्हा दार उघडलं. माझ्याकडे डोळे आणि श्वास हे काम होतं. या औषधांनी पापण्या उघड्याच राहतात, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर ओला फडका टाकायचा. डोकं थोडं उतरतं ठेवायचं, म्हणजे लाळ बाहेर वाहते. हिरड्यांचा रंग गुलाबी आहे ना ते पाहायचं, आणि छातीवर नजर ठेवून श्वास मोजत राहायचं. मुंबईच्या दमट हवेत बेशुद्ध जनावराचं अंग झटकन तापतं, म्हणून मामा पोटाखाली आणि काखेत बर्फाचं पाणी लावत होते. सुळा हलवून काढला तेव्हा मुळाशी पूच निघाला. जखम धुऊन, प्रतिजैविक देऊन आम्ही बाहेर आलो. ती उठून, धडपडत का होईना, पाण्यापर्यंत गेल्याशिवाय सर जागचे हलले नाहीत.

निदान मामांनी केलं होतं, असं सरांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं आणि नोंदवहीत तसंच लिहिलं. मोठ्या माणसाचा मोठेपणा मला तिथे दिसला.

मामांकडून मी औषध खाऊ घालायलाही शिकलो. हत्तिणीला कडू गोळ्या द्यायच्या असत. तिला नुसतं गोळी घातलेलं केळं दिलं की ती सोंडेने चाचपून ते फेकून देई. मामा आधी दोन-तीन साधी केळी देत, तिची लय लागली की मधेच औषधाचं केळं सरकवत, आणि ते गिळून होण्याआधी पुढचं साधं केळं सोंडेपुढे धरत. घाई तिची व्हायची, मामांची कधी नाही. आज कुत्र्याला गोळी कशी द्यायची असं एखादी मावशी विचारते तेव्हा मी हीच युक्ती सांगतो.

एक ऋण मेलेल्या प्राण्यांचंही आहे. आम्ही शिकत होतो त्याच काळात, १९९२ साली, केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि प्रत्येक प्राण्याची नोंद, उपचारांची सोय, मृत्यूनंतर शवविच्छेदन या गोष्टींना नियमांचा आधार मिळाला. एका म्हाताऱ्या सिंहिणीच्या शवविच्छेदनाला मी होतो. कैदेत म्हातारे होणारे वाघ-सिंह पुष्कळदा मूत्रपिंडं निकामी होऊन जातात. तिचीही आकसून, खरबरीत झालेली होती. सरांनी एकेक अवयव आमच्या हातात दिला, वास घ्यायला लावला, कापून दाखवला. जिवंतपणी तिच्यात काय काय दिसलं होतं, पाणी पिणं कधी वाढलं, वजन कधी उतरलं, हे नोंदवहीतून वाचून दाखवलं. पुढच्या सिंहिणीत हे आधी ओळखता यावं, म्हणून. त्या सिंहिणीने आपल्या मरणातून आम्हाला विद्या दिली, असंच मी मानतो.

प्राण्यांना कोंडून ठेवणं बरोबर आहे का, हा प्रश्न तेव्हाही मनात होता आणि आजही आहे. सरांचं त्यावरचं उत्तर मला पटतं. रानातला प्राणी आपलं औषध आपण शोधतो. सावली निवडतो, गवत चघळून पोट साफ करतो, चिखलात लोळून गोमाश्या टाळतो, नको असलेल्या सोबत्यापासून लांब जातो. पिंजऱ्यात घालताना आपण ही सगळी मोकळीक त्याच्याकडून काढून घेतो. त्या क्षणी माणूस त्याचा देणेकरी होतो. त्याचं अन्न, त्याची सावली, त्याचे दात आणि नखं, एवढंच काय, त्याचा कंटाळासुद्धा आपल्या माथी येतो. प्राणीसंग्रहालयाचा डॉक्टर समाजाच्या वतीने हे कर्ज रोज थोडं थोडं फेडत असतो. २०१६ मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याला आले तेव्हा मुंबईत पुष्कळ वाद झाले. मी मात्र तिथल्या डॉक्टरांचा विचार करत होतो. चिली-पेरूच्या किनाऱ्याचा पक्षी, मुंबईची हवा, थंड ठेवलेलं दालन, पायांना होणारे व्रण, फुप्फुसात शिरणारी बुरशी. ज्याचा अनुभव इथे कुणाला नव्हता असा सगळा संसार त्यांनी शिकून घेतला आणि निभावला.

इंटर्नशिप संपली, मी वसईला परतलो. सरांनी निरोप देताना एवढंच सांगितलं, “म्हैस बांधलेली असते म्हणून लगेच हात लावू नकोस. आधी डोळे, मग हात.” हे वाक्य माझ्या आयुष्यभराच्या कामाला पुरलं.

एकदा नालासोपाऱ्याच्या एका तबेल्यात म्हैस खाणं कमी करत होती. ताप थोडा, दूध उतरलेलं, बाकी काही लक्षण नाही. म्हशी सांभाळणाऱ्या भैय्याला मी शांतपणे विचारलं, तुला काय वेगळं वाटतं? तो म्हणाला, “साहब, पानी पे जाते वक्त ढलान पे रुकती है. चढान पे ठीक चलती है.” मी लांब उभा राहून पाहिलं. पाठ किंचित कमानदार, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढलेले. उताराला पोटाचा भार पुढे येतो आणि आत काही टोचत असेल तर जनावर तिथेच अडतं. वैरणीतून गेलेली तार जाळीपोटात रुतली की असंच होतं, आणि तिथून हृदय अगदी जवळ असतं. डाव्या कुशीतून पोट उघडलं, तार मिळाली, म्हैस वाचली. तबेल्याचा मालक माझे पाय धरायला लागला. मी त्याला भैय्याकडे बोट दाखवलं. भायखळ्याच्या नोंदवहीत सरांनी मामांचं नाव लिहिलं होतं, त्याच रिवाजाला मी धरून होतो.

२०२४ च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला तेव्हाही ती शिकवण कामी आली. आमच्या पूर्वेला तुंगारेश्वरचं अभयारण्य, खाडीपलीकडे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. या दोन्हींच्या आधाराने बिबटे पूर्वीपासून वावरतात, तरी चिमाजी अप्पांच्या या किल्ल्यात, समुद्राच्या काठी, तो आला म्हटल्यावर किल्लाबंदर आणि पाचूबंदरची माणसं धास्तावली. मुलांना संध्याकाळी बाहेर सोडेनात. “गोळी मारून बेशुद्ध का करत नाहीत?” हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारी. मी ओट्यावर बसून समजावत असे की सुई लागल्यावर तो जागीच पडत नाही. काही मिनिटं धावतो, आणि अंधारात पडक्या भिंती, जुन्या विहिरी, तिवरांचा चिखल आणि खाडीचं पाणी अशा जागी तो अर्धवट शुद्धीत कुठे जाऊन पडेल ते सांगता येत नाही. बुडून मरेल, किंवा बिथरून माणसावर येईल. म्हणून वनखात्याची माणसं कॅमेरे लावून, पिंजरे मांडून थांबली आहेत, आणि हे थांबणं म्हणजेच त्यांचं काम आहे. जवळपास पंचवीस दिवसांनी, एप्रिलमध्ये, तो पिंजऱ्यात आला. माणूसही वाचला, बिबट्याही. तेवढ्या दिवसांत किल्ल्याच्या परिसरातल्या लोकांनी जो धीर दाखवला, त्याचंही मला अप्रूप आहे.

आमच्याच जिल्ह्यात, डहाणूला, समुद्री कासवांवर उपचार करणारे डॉ. दिनेश विन्हेरकर आहेत. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली, तुटक्या जाळ्यांनी वल्ही कापली गेलेली, पाण्यात बुडी मारता न येणारी कासवं त्यांच्या हाताखाली बरी होऊन पुन्हा समुद्रात जातात. जुन्नरजवळच्या माणिकडोहला बिबट्यांवर उपचार केलेले डॉ. अजय देशमुख असोत की आपल्या तालुक्याचा सरकारी दवाखाना चालवणारा एखादा तरुण डॉक्टर, आम्ही सगळे एकाच घराण्याचे. रुग्ण बोलत नाही, म्हणून त्याच्या जवळच्या माणसाचं ऐकणं हा या घराण्याचा कुळाचार.

सर गेले, मामाही गेले. त्यांचं देणं त्यांना परत करण्याची सोय राहिलेली नाही. ते पुढच्याला द्यायचं असतं, हे मला उशिरा नव्हे, त्यांच्यासोबत असतानाच उमगलं होतं. कारण सरांनीही ते कुणाकडून तरी घेतलं होतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी गोठ्याच्या कठड्यावर बसवतो आणि काहीही न करता पाहायला सांगतो. रवंथ किती वेळ चालतो, कोणती म्हैस कुणाला ढकलते, शेण कसं पडतं. मग भैय्याशी बोलायला लावतो. त्यानंतरच पिशवी उघडायची.

वाचकांकडे मागणं एकच. मुलांना घेऊन राणीच्या बागेत किंवा बोरिवलीला जाल तेव्हा काच ठोठावू नका, खाऊ टाकू नका. वेफर्सची पिशवी हरणाच्या पोटात गेली की ती पोटाची वाट अडवते, आणि ते हरिणही आपलं दुखणं शेवटपर्यंत लपवतं. आणि एखाद्या पिंजऱ्यामागून बादली घेऊन कुणी राखणदार येताना दिसला तर थांबून त्याला नमस्कार करा, या प्राण्याची सवय काय, हे त्याला विचारा. पिल्लू जन्मलं की छायाचित्रात तो क्वचितच असतो. पण त्या प्राण्याला या जगात सगळ्यांत जास्त ओळखणारा माणूस तोच असतो, आणि माझ्यासारख्या कित्येक डॉक्टरांचा गुरूही तोच.